चॉकलेट डेझर्टचे पुस्तक घेताय? फोटोंआधी ही सहा पाने उघडून पाहा

ग्रॅममधले माप, कोकोचा प्रकार, टिनचा आकार आणि पावसाळ्याची हवा. घरगुती बेकर्सनी पुस्तक निवडताना नेमके काय तपासावे?

घरगुती केकचा व्यवसाय आता पुण्या-मुंबईपुरता राहिलेला नाही. पाटणसारख्या तालुक्याच्या गावातही वाढदिवसाच्या केकची किंवा ब्राउनीची ऑर्डर व्हॉट्सॲपवर देता येते. शिकण्यासाठी मोबाइलवर व्हिडिओंचा तर पूर आहे. पण पुढची पायरी म्हणून एखादे चांगले पुस्तक घ्यायचे ठरवले की गोंधळ सुरू होतो. ऑनलाइन यादीत सगळी पुस्तके सारखीच दिसतात. कव्हरवर चकाकणारा केक, वरून ओघळणारे चॉकलेट आणि चार-पाच ताऱ्यांचे रेटिंग. किंमत मात्र काहीशे रुपयांपासून काही हजारांपर्यंत.

यातले कोणते पुस्तक आपल्या स्वयंपाकघरात, आपल्याकडे मिळणाऱ्या सामानात आणि आपल्या हवेत चालेल? ते ओळखायला पाच-दहा मिनिटे पुरतात.

थोडक्यात

- माप फक्त 'कप' आणि 'चमचा' यांत असेल, ग्रॅममध्ये नसेल, तर ते पुस्तक बाजूला ठेवा.
- कोको पावडर कोणती आणि चॉकलेट किती टक्क्यांचे, हे पाककृतीत स्पष्ट हवे.
- टिनचा आकार आणि 'केक झाला' हे ओळखण्याची खूण, दोन्ही हवे.
- एगलेस ऑर्डर घेत असाल तर मुळातच एगलेस म्हणून लिहिलेल्या पाककृती असलेले पुस्तक घ्या.
- पावसाळा आणि उन्हाळा यांचा हिशेब बहुतेक परदेशी पुस्तकांत नसतो, तो आपणच करायचा.

निवड चुकली तर बिघडते काय?

पैसे बिघडतात. चॉकलेट हा बेकिंगमधला महागड्या जिन्नसांपैकी एक. जगातला निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या पश्चिम आफ्रिकेतल्या दोन देशांतून येतो. तिथले पीक घसरले आणि २०२४ मध्ये कोकोचा वायदा भाव टनामागे १०,००० डॉलरच्या वर गेला. नंतर भाव उतरले, पण एक गोष्ट सगळ्यांच्या लक्षात आली. फसलेला चॉकलेट केक हा फसलेल्या साध्या स्पंज केकपेक्षा बराच महाग पडतो. विकण्यासाठी केक करणाऱ्यांचे नुकसान दुहेरी असते. सामान जाते आणि गिऱ्हाईकही जाते.

यूट्यूब असताना पुस्तक कशाला?

प्रश्न रास्त आहे. मिश्रण किती घट्ट हवे, क्रीम किती फेटायचे, हे डोळ्यांनी पाहिलेले बरे. त्यासाठी व्हिडिओला तोड नाही. पण व्हिडिओत दहा जणांची दहा मापे असतात. एकाचा कप २४० मिलिलिटरचा, दुसऱ्याचा घरातला चहाचा. चांगल्या पुस्तकात सगळ्या पाककृती एकाच मापाने, एकाच पद्धतीने लिहिलेल्या असतात. शिवाय 'असे का' याचे उत्तर असते. ते उत्तर कळले की सामान बदलले तरी केक सांभाळता येतो. म्हणून हात पाहायला व्हिडिओ आणि हिशेबाला पुस्तक, अशी वाटणी सोयीची.

आता ती सहा पाने.

१. मापांचे पान

पुस्तक उघडले की आधी मापांचे कोष्टक शोधा. अमेरिकी कप साधारण २४० मिलिलिटरचा, तर मेट्रिक कप २५० मिलिलिटरचा असतो. ऑस्ट्रेलियात टेबलस्पून २० मिलिलिटरचा, इतरत्र १५ चा. इथवर फरक छोटा वाटेल. खरी गोची मैद्यात आहे. पिशवीत कप खुपसून मैदा भरला तर तो १५० ग्रॅमपर्यंत जातो. चमच्याने अलगद भरला तर १२० ग्रॅमच्या आसपास राहतो. दोन कपांच्या पाककृतीत हा फरक ६० ग्रॅमचा, म्हणजे जवळजवळ अर्धा कप मैदा जास्त. केक कोरडा का झाला, याचे उत्तर अनेकदा इथेच असते.

माप नेमके लिहिण्याचे मोल आपल्या भागाला नवे नाही. सांगली जिल्ह्यातल्या कुंडलमध्ये जन्मलेल्या कमलाबाई ओगले (१९१३-१९९९) यांचे औपचारिक शिक्षण चौथीपर्यंतचे. त्यांचे 'रुचिरा' १९७० मध्ये आले आणि घराघरांत पोहोचले. त्याचे एक मोठे कारण म्हणजे वाटी-चमच्यात दिलेले स्पष्ट प्रमाण. 'अंदाजाने घाला' या सल्ल्यावर अडणाऱ्या नवशिक्यांना त्या प्रमाणाचा आधार मिळाला. त्याआधी, १८९६ मध्ये, अमेरिकेत फॅनी फार्मर यांच्या पुस्तकाने सपाट भरलेल्या कप-चमच्यांची शिस्त अशीच रुजवली होती.

पण आमटीत अर्धी वाटी पाणी जास्त पडले तर आणखी एक उकळी देता येते. केक एकदा ओव्हनमध्ये गेला की दुरुस्ती नाही. म्हणून बेकिंगमध्ये वाटीच्या पुढचे पाऊल म्हणजे वजनकाटा. तो काहीशे रुपयांत मिळतो आणि कोणत्याही पुस्तकाआधी तोच घ्यावा.

मराठी पुस्तक घेत असाल तर 'चमचा' या शब्दावर बारीक नजर ठेवा. टीस्पून ५ मिलिलिटरचा, टेबलस्पून १५ चा. नुसते 'एक चमचा सोडा' लिहिले असेल आणि तुम्ही मोठा चमचा घेतला तर सोडा तिप्पट पडेल. मग केकला साबणासारखी चव येते. 'खायचा सोडा' आणि 'बेकिंग पावडर' यांत फरक केलेला आहे का, तेही पाहा. बेकिंग पावडरमध्ये सोड्याबरोबर आम्ल आणि स्टार्च आधीच मिसळलेले असतात. दोन्ही एकमेकांच्या जागी सारख्याच मापाने चालत नाहीत.

२. सामानाचे पान

चॉकलेटच्या पुस्तकाची खरी परीक्षा इथे होते. तीन गोष्टी शोधा.

कोको पावडर: बाजारात मुख्यतः दोन प्रकार असतात. नैसर्गिक कोको आम्लधर्मी, रंगाने फिकट आणि चवीला तीक्ष्ण. दुसरा 'डच प्रोसेस्ड', म्हणजे अल्कली वापरून आम्ल कमी केलेला, रंगाने गडद. ही पद्धत एकोणिसाव्या शतकात व्हॅन हौटन या डच नावाशी जोडली गेली, म्हणून 'डच'. फरक फक्त रंगाचा नाही. खायच्या सोड्याला केक फुगवण्यासाठी आम्ल लागते. नैसर्गिक कोको गृहीत धरून सोडा घातलेल्या पाककृतीत डच कोको वापरला आणि दही, ताक किंवा व्हिनेगरसारखे दुसरे आम्ल नसेल, तर केक कमी फुगतो आणि सोड्याची चव मागे राहते. घरातला डबा कोणता, हे लेबलवर कळते. घटकांत 'ॲसिडिटी रेग्युलेटर' आणि ५०० किंवा ५०१ असे क्रमांक असतील तर कोकोवर सहसा अल्कलीची प्रक्रिया झालेली असते. पुस्तकात कोकोचा प्रकार सांगितलेलाच नसेल, तर ते पुस्तक चॉकलेटपेक्षा फोटोंचे आहे असे समजा.

चॉकलेटचे टक्के: ७० टक्के डार्क चॉकलेट म्हणजे ७० टक्के भाग कोकोचा, त्यात कोको बटरही आले. उरलेला भाग मुख्यतः साखर. पाककृतीत २०० ग्रॅम ७० टक्क्यांचे चॉकलेट असेल तर त्यातून साधारण ६० ग्रॅम साखर जाते. त्याऐवजी ५० टक्क्यांचे घेतले तर साखर १०० ग्रॅमच्या आसपास होते. केक जास्त गोड होतो आणि गनाश कमी घट्ट बसते. अमेरिकी लेखिका ॲलिस मेड्रिच यांचे 'बिटरस्वीट' (२००३) आणि त्याची सुधारित आवृत्ती 'सीरियसली बिटरस्वीट' (२०१३) याच मुद्द्यासाठी ओळखले जाते. टक्के बदलले तर पाककृतीत काय बदलायचे, हे त्यात सांगितले आहे.

कंपाउंड की चॉकलेट: केकच्या सामानाच्या दुकानात सर्वाधिक दिसते ते 'डार्क कंपाउंड'. त्यात कोको बटरऐवजी इतर वनस्पती फॅट असते. एफएसएसएआयच्या मानकांनुसार 'चॉकलेट' म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थात कोको बटरखेरीज इतर वनस्पती फॅट ५ टक्क्यांहून अधिक चालत नाही. कंपाउंड वाईट नाही. ते स्वस्त पडते, टेम्परिंग लागत नाही, साच्यातल्या चॉकलेटसाठी आणि सजावटीसाठी सोयीचे असते. पण मूस किंवा ट्रफलमध्ये सगळी चव चॉकलेटचीच असते, तिथे फरक लगेच कळतो. भारतीय लेखकाच्या पुस्तकात हा फरक समजावलेला असेल तर तो मोठा गुण. परदेशी पुस्तकांत कंपाउंडचा विषय बहुधा येतच नाही.

३. लोणी आणि क्रीमची ओळ

कोणतीही एक गनाशची पाककृती काढा. परदेशी पुस्तकातले 'हेवी क्रीम' साधारण ३६ टक्के फॅटचे असते. आपल्याकडे किराणा दुकानात मिळणारे पाकिटातले फ्रेश क्रीम बहुधा २५ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे तेवढ्याच क्रीममधून पाणी जास्त जाते आणि गनाश पातळ राहते. शिवाय हे क्रीम फेटून फुलतही नाही. पाटणमध्ये जे सहज मिळेल त्यावर काम करायचे असेल तर क्रीम थोडे कमी किंवा चॉकलेट थोडे जास्त घ्यावे लागते. जास्त फॅटचे क्रीम हवे असेल तर कराड-साताऱ्याची फेरी किंवा ऑनलाइन ऑर्डर.

लोण्याचेही तसेच. पुस्तकात बहुतेक वेळा 'अनसॉल्टेड' बटर असते. आपले टेबल बटर खारट. तेच वापरायचे असेल तर पाककृतीतले मीठ वगळा. भारतीय लेखकांच्या पुस्तकांत असे बदल आधीच केलेले असण्याची शक्यता जास्त, आणि नवशिक्यांनी त्यांच्यापासून सुरुवात करावी, याचे हेच कारण.

४. ब्राउनीचे पान

चॉकलेटच्या जवळपास प्रत्येक पुस्तकात ब्राउनी असते. म्हणून दोन पुस्तकांची तुलना करायला हे पान सर्वात सोपे. त्यात पुढच्या गोष्टी आहेत का, पाहा.

- टिनचा आकार, लांबी-रुंदीसह.
- तापमान सेल्सिअसमध्ये. फक्त फॅरनहाइट असेल तर लक्षात ठेवा, ३५० फॅरनहाइट म्हणजे साधारण १८० सेल्सिअस.
- वेळ आणि खूण. नुसते '२५ मिनिटे' पुरेसे नाही, कारण प्रत्येक ओटीजी वेगळा तापतो. 'काडी घातल्यावर थोडा ओलसर चुरा चिकटून यावा' अशी खूण हवी. काडी अगदी कोरडी आली तर ब्राउनी जास्त भाजली गेलेली असते.
- बिघाडाचे कारण. मधोमध बसली, कडा कडक झाल्या, वर पापुद्रा आला नाही, यावर दोन ओळी तरी हव्यात.

टिनचा मुद्दा विकणाऱ्यांसाठी जास्त महत्त्वाचा. परदेशी पुस्तकातला केक बहुतेक ९ इंची गोल टिनचा असतो. आपल्याकडे अर्ध्या किलोच्या ऑर्डरसाठी साधारण ६ इंची टिन वापरतात. ६ हे ९ च्या दोन-तृतीयांश, म्हणून सामानही दोन-तृतीयांश घेतले जाते. इथे गणित फसते. टिनचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर ठरते. ९ इंची टिनचे क्षेत्रफळ सुमारे ६४ चौरस इंच, ६ इंचीचे सुमारे २८. म्हणजे उंची तेवढीच हवी असेल तर सामान फक्त ४४ टक्के लागते. दोन-तृतीयांश घेतले तर मिश्रण टिनबाहेर येईल किंवा मधोमध कच्चे राहील.

९ इंची गोल टिनची पाककृती असेल तर

- ८ इंची गोल टिन: ०.७९ ने गुणा
- ७ इंची गोल टिन: ०.६ ने गुणा
- ६ इंची गोल टिन: ०.४४ ने गुणा
- ८ इंची चौकोनी टिन: काही बदलू नका, क्षेत्रफळ जवळजवळ सारखेच

अंडी असतील तर? कवचाशिवाय एक मोठे अंडे साधारण ५० ग्रॅमचे. ती फेटून वजनाने घ्या. हा सगळा हिशेब पुस्तक ग्रॅममध्ये असेल तरच जमतो.

५. एगलेसचे पान

आपल्याकडे अनेक ऑर्डर एगलेसच्या असतात. पुस्तकाच्या शेवटी 'प्रत्येक अंड्याऐवजी इतके दही घ्या' अशी एक ओळ दिली म्हणजे ते पुस्तक एगलेस होत नाही. अंडे केकमध्ये तीन कामे करते. मिश्रण बांधते, ओलावा देते आणि फुगायला मदत करते. मैदा भरपूर असलेल्या साध्या चॉकलेट केकमध्ये ही कामे दही-सोडा किंवा कंडेन्स्ड मिल्क निभावून नेतात. पण मैदा नसलेला फ्लोअरलेस चॉकलेट केक किंवा फेटलेल्या अंड्यांवर उभे असलेले मूस यांत अंडे हाच पाया असतो. तिथे अदलाबदल करू नका, वेगळी पाककृती शोधा.

म्हणून अनुक्रमणिका उघडा आणि आपल्याला चालतील अशा पाककृती मोजा. ६० पाककृतींच्या सुंदर पुस्तकातल्या ४५ अंड्यांच्या निघाल्या, तर एगलेस करणाऱ्यासाठी ते १५ पाककृतींचेच पुस्तक आहे. किंमत त्या हिशेबाने पाहा.

६. साठवण आणि हवेचे पान

कोयना आणि केरा नद्यांच्या संगमावर वसलेल्या पाटणला पावसाळा म्हणजे काय, हे सांगायला नको. तालुक्याच्या पश्चिमेला कोयनानगरला वर्षाला साधारण ५,००० मिलिमीटर पाऊस पडतो. चॉकलेटला ओलावा चालत नाही. वितळलेल्या चॉकलेटमध्ये पाण्याचे चार थेंब किंवा डबल बॉयलरची वाफ गेली तरी साखर आणि कोकोचे कण एकमेकांना चिकटतात आणि चॉकलेटचा घट्ट गोळा होतो. फ्रीजमधून काढलेल्या चॉकलेटवर दमट हवेतले पाणी साचते. ते साखर विरघळवते आणि सुकल्यावर पृष्ठभागावर पांढरट, खरखरीत डाग राहतात. उपाय सोपा आहे. हवाबंद डबा फ्रीजमधून काढल्यावर लगेच उघडायचा नाही. आतले चॉकलेट खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचे.

उन्हाळ्यातला त्रास वेगळा. कोको बटर ३४ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते. एप्रिल-मेमध्ये कुरियरने मागवलेले चॉकलेट वाटेत वितळून पुन्हा गोठले तर त्यावर पांढरी झाक येते. ती बुरशी नसते. असे चॉकलेट केकमध्ये वापरता येते, पण साच्यात घालून विकायचे असेल तर पुन्हा टेम्परिंग करावे लागते. डार्क चॉकलेटसाठी साधारण क्रम असा: ४५ ते ५० अंशांपर्यंत वितळवणे, २७-२८ अंशांपर्यंत थंड करणे आणि ३१-३२ अंशांवर काम करणे. पुस्तकात 'खोलीच्या तापमानाला ठेवा' असे लिहिले असेल तर ती खोली युरोपातली आहे, २० अंशांच्या आसपासची, हे लक्षात घ्या.

अमेरिकी पुस्तकांत 'हाय अल्टिट्यूड' अशी टीप दिसते. ती साधारण हजार मीटरच्या वर राहणाऱ्यांसाठी असते. पाटण, कराड, सातारा त्याखाली आहेत, तेव्हा दुर्लक्ष करा. महाबळेश्वर-पाचगणीत बेकिंग करणाऱ्यांनी मात्र ती वाचावी.

मग कोणते पुस्तक?

एकच पुस्तक सगळ्यांना चालणार नाही. गरजेनुसार अशी विभागणी करता येईल.

*सुरुवात करणाऱ्यांसाठी:* पूजा धिंग्रा यांचे 'द बिग बुक ऑफ ट्रीट्स' (२०१४). पॅरिसच्या 'ल कॉर्डों ब्लू'मध्ये शिकून आलेल्या धिंग्रा यांनी २०१० मध्ये मुंबईत 'ल१५' पॅटिसरी सुरू केली. पुस्तक इंग्रजीत, पण लेखिका भारतीय स्वयंपाकघर ओळखणारी.

*एगलेस ऑर्डरसाठी:* शिवेश भाटिया यांचे 'एगलेस बेकिंग विथ शिवेश'. त्यांचे आधीचे 'बेक विथ शिवेश' (२०१८) सर्वसाधारण बेकिंगचे आहे, त्यामुळे मागवताना नाव नीट वाचा. जुन्या पिढीत, पुण्यात जन्मलेल्या तरला दलाल (१९३६-२०१३) यांची शाकाहारी पुस्तके अजूनही अनेक घरांत आहेत.

*चॉकलेटमध्ये खोल जायचे असेल तर:* मेड्रिच यांचे 'सीरियसली बिटरस्वीट'. अंड्यांच्या पाककृती भरपूर, पण चॉकलेटचे वागणे समजून घ्यायला उत्तम.

*केकचे शास्त्र हवे असेल तर:* रोझ लेव्ही बेरनबॉम यांचे 'द केक बायबल' (१९८८). मापे वजनातही दिलेली. हे पुस्तक फक्त चॉकलेटचे नाही.

यातली बहुतेक पुस्तके इंग्रजीत आहेत, ही अडचण खरी आहे. फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर करता येते, पण क्रियापदांवर ते घसरते. म्हणून चार शब्द आधीच माहीत असलेले बरे. 'क्रीम' हे क्रियापद असेल तर लोणी आणि साखर हलके होईपर्यंत फेटणे. 'फोल्ड' म्हणजे हवा न मोडता खालून वर अलगद मिसळणे. 'सिमर' म्हणजे मंद आचेवर बारीक बुडबुडे येऊ देणे. 'प्रीहीट' म्हणजे ओव्हन आधी तापवून ठेवणे. एवढे जमले की उरते ते आकडे आणि जिन्नसांची नावे.

पैसे देण्याआधी

- ऑनलाइन दुकानात नमुना पाने असतील तर मापांचे आणि सामानाचे पान तिथेच पाहा. ई-बुकचा नमुना बहुधा मोफत मिळतो.
- परीक्षणांत 'सुंदर फोटो' सोडून 'मी हा केक केला' असे लिहिणाऱ्यांचे वाचा. एक-दोन तारे देणाऱ्यांची तक्रार मापाची आहे की कुरियरची, ते पाहा.
- कराड, सातारा, सांगलीत गेलात तर दुकानात पुस्तक हातात घेऊन ब्राउनीचे पान उघडा. गावच्या वाचनालयात पुस्तक मागवायची विनंती करता येते.
- लेखकाने तीच पाककृती व्हिडिओत किंवा संकेतस्थळावर मोफत दिली असेल तर आधी ती एकदा करून पाहा. अर्ध्या मापात करा म्हणजे खर्चही अर्धा.
- केक विकणार असाल तर पुस्तकाबरोबर एफएसएसएआय नोंदणीकडेही पाहा. घरून विकले तरी ती लागते.

पुस्तक आल्यावर पहिल्या महिन्यात वीस पाककृती करू नका. एकच ब्राउनी किंवा एकच साधा चॉकलेट केक तीन वेळा करा. दर वेळी एकच गोष्ट बदला आणि पानाच्या कडेला पेन्सिलने लिहून ठेवा: कोको कोणता, क्रीम कोणते, टिन किती इंची, ओटीजीला किती मिनिटे लागली, बाहेर पाऊस होता की ऊन. तिसऱ्या वेळेनंतर ती पाककृती तुमच्या ओटीजीची आणि पाटणच्या हवेची झालेली असेल. तोपर्यंत नव्या पुस्तकाची गरज पडत नाही.